समाज : वस्तू की व्यवहार?

'समाज' हा शब्द मराठीत गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळ्या तीन अर्थांनी नांदत आला आहे. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला आणि १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. या नावांतील 'समाज' म्हणजे एका हेतूने स्वेच्छेने एकत्र आलेली मंडळी. दुसरीकडे, "आमच्या समाजात अशी चाल नाही," असे एखादा गृहस्थ म्हणतो तेव्हा त्याला आपली जात अभिप्रेत असते, आणि जातीचे नाव घेण्याचा संकोच या शब्दाआड सोयिस्करपणे झाकला जातो. तिसरा अर्थ पुस्तकी आहे : सर्व माणसांना पोटात घेणारे ते विशाल काहीतरी, ज्याला 'ऋण' असते, 'पुरुष' असतो आणि कधीकधी 'रोग'ही जडतो. हे तिन्ही अर्थ एकमेकांपासून दूर असले तरी एका बाबतीत सारखे आहेत. तिन्हींत समाज ही एक वस्तू कल्पिलेली आहे. माणसे तिच्या आत असतात किंवा बाहेर असतात.

समाज ही वस्तू आहे की माणसामाणसांमधील व्यवहारांनाच आपण ते नाव दिले आहे, हा प्रश्न युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ऐरणीवर आला. त्याचा इतिहास केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरता नाही. जात ही माणसाच्या अंगी असलेली गोष्ट आहे की दोन माणसांच्या मध्ये असलेली, या प्रश्नाचे उत्तर त्यावर अवलंबून आहे; आणि ते उत्तर देणाऱ्यांपैकी काहीजण मराठी मुलखातलेच होते.

हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या समाजशास्त्रावरील ग्रंथात समाजाला देहाची उपमा दिली. देहाला जशी इंद्रिये, तशा समाजाला संस्था. उपमा आकर्षक होती आणि आपल्याकडील वाचकाला तर ती फारच ओळखीची वाटावी, कारण पुरुषसूक्ताने चार वर्णांची वाटणी एका देहाच्या अवयवांतच केलेली आहे. परंतु देहाच्या उपमेत एक गोम आहे. हाताला पाय होता येत नाही, आणि आपण हात का, असे विचारताही येत नाही. अवयवांमधले नाते कोणी ठरविलेले नसते, म्हणून ते कोणाला मोडताही येत नाही.

फेर्डिनांड टोनिएस यांच्या १८८७ च्या ग्रंथाने नात्याचा प्रश्न प्रथम नीट मांडला. ग्रंथकार तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. माणसे दोन प्रकारांनी एकमेकांशी बांधली जातात असे त्यांचे म्हणणे : एक रक्ताचे, शेजाराचे आणि सहवासाचे बंधन, ज्याला त्यांनी 'गेमाइनशाफ्ट' म्हटले, आणि दुसरे हिशेबाचे व कराराचे, ते 'गेझेलशाफ्ट'. पहिल्यात माणसे कितीही दुरावली तरी एकच असतात, दुसऱ्यात कितीही जवळ आली तरी वेगळीच. ग्रंथ बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. दुसरी आवृत्ती निघण्यास १९१२ साल उजाडले. त्यानंतर मात्र जर्मन तरुणांनी त्यातील पहिल्या शब्दाला असे काही डोक्यावर घेतले की पुढे त्या शब्दाचा राष्ट्रवाद्यांनी केलेला वापर पाहण्याची पाळी म्हाताऱ्या टोनिएस यांच्यावर आली. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना विद्यापीठातून दूर केले.

गेमाइनशाफ्टचे चित्र रेखाटताना टोनिएस यांचा हात हळवा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या हळवेपणावर उतारा हवा असेल तर मराठी वाचकाने त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' उघडावा. तेथेही करार नाही, रोख मजुरी नाही. कुणबी आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग यांचे नाते पिढीजात वतनाचे आहे आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने पोचतो. परंतु आत्रे यांना त्यात गोकुळ दिसत नाही. काम असो वा नसो, चांगले होवो वा वाईट, कारू बदलता येत नाही. आणि कारूलाही गाव सोडवत नाही. वतनाचे हे नाते दोन्ही बाजूंना आवळते, आणि एका बाजूला फार अधिक आवळते. जिव्हाळा आणि जुलूम एकाच दोरीने बांधलेले असू शकतात हे टोनिएस यांच्या दोन खणांच्या पेटीत बसत नाही.

एमिल दुर्खाइम यांनी टोनिएस यांच्या ग्रंथाचे परीक्षण १८८९ मध्येच लिहिले होते. १८९३ च्या श्रमविभागणीवरील प्रबंधात त्यांनी जणू त्याचे उत्तरच दिले. जुन्या समाजातील ऐक्य, सारख्या माणसांचे असल्यामुळे, यांत्रिक. आणि नव्या समाजातील ऐक्य, भिन्न कामे करणारी माणसे एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे, सेंद्रिय. टोनिएस यांनी जेथे विशेषणे लावली असती नेमकी त्याच्या उलट! मात्र दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, सामाजिक तथ्यांकडे वस्तू म्हणून पाहावे असा दंडक दुर्खाइम यांनी घालून दिला, आणि समाज पुन्हा व्यक्तीच्या बाहेर, व्यक्तीच्या वर, तिला भाग पाडणारी शक्ती म्हणून उभा राहिला.

या दंडकाला सर्वांत गंभीर उत्तर ज्याने दिले तो माणूस दुर्खाइम यांच्याच वर्षी, १८५८ मध्ये, बर्लिन येथे जन्मला होता. गेओर्ग झिमेल यांचे म्हणणे थोडक्यात असे : समाज नावाची वस्तू माणसांच्या आधी किंवा वर कोठेही नाही. दोन माणसे एकमेकांवर काही परिणाम करू लागली की तेथे समाज घडू लागतो, आणि तो परिणाम थांबला की विरतो. माणसे एकमेकांकडे पाहतात, हेवा करतात, पत्रे लिहितात, एकत्र जेवतात, अनोळखी माणसाला वाट विचारतात, दुसऱ्याला दिसावे म्हणून नटतात. या हजारो क्षुल्लक धाग्यांनी समाज क्षणोक्षणी विणला जात असतो. राज्य, धर्मसंस्था, कायदा हे तेच धागे घट्ट होऊन बनलेले दोर होत. दोर तेवढे पाहून धागे विसरणे ही मोठमोठ्या अवयवांची नावे ठाऊक असलेल्या पण पेशी कधी न पाहिलेल्या शरीरशास्त्रज्ञाची चूक आहे.

यासाठी झिमेल यांनी दोन शब्द वापरले. 'वेक्सेलविर्कुंग' म्हणजे अन्योन्यक्रिया. त्यात अडचण नाही. दुसरा, 'फेरगेझेलशाफ्टुंग', हा भाषांतरकाराची परीक्षा पाहणारा शब्द आहे. तो समाजाचे नाव नाही, समाज होण्याच्या क्रियेचे नाव आहे. अमेरिकेत आल्बियन स्मॉल यांनी १८९६ पासून झिमेल यांचे लेख आपल्या नियतकालिकात इंग्रजीत आणले, तेव्हा त्यांनी 'सोशलायझेशन' हा शब्द योजला. पुढे तो मुलाला वळण लावण्याच्या प्रक्रियेस चिकटला आणि झिमेल यांच्या हातून गेला. १९५० मध्ये कुर्ट वोल्फ यांनी 'सोसिएशन' असा नवा शब्द पाडला. तो ओठांवर कधीच बसला नाही. मराठीत 'समाजीकरण' किंवा 'सामाजिकीभवन' असे काही घडविता येईल आणि त्याची गतही तीच होईल. वस्तुतः मराठीत या कल्पनेच्या जवळ जाणारा एक जुना आणि रुळलेला शब्द आहे. रोटीव्यवहार, बेटीव्यवहार, देण्याघेण्याचा व्यवहार, "त्यांच्याशी आमचा व्यवहार नाही", यांतला 'व्यवहार'. व्यवहार चालू असतो किंवा बंद पडतो. तो कोणाच्या खिशात नसतो, दोघांच्या मध्ये असतो. झिमेल यांना हवी होती ती छटा हीच.

१९०८ च्या 'सोझिओलोगी' या ग्रंथात संख्येवर जे प्रकरण आहे ते आजही चकित करते. दोघांचे नाते आणि तिघांचे नाते यांत केवळ एकाची भर नसते, असे झिमेल दाखवितात. दोघांपैकी एकजण उठून गेला की सारेच संपते, म्हणून दोघांच्या नात्याला दोघांवेगळे अस्तित्व नसते. त्याच्या माथ्यावर शेवटाची जाणीव सतत असते. तिसरा आला की पहिल्यांदाच बहुमत संभवते, एखाद्याला एकटे पाडता येते, आणि जो गेला त्याच्यावाचूनही समूह उरतो. हा तिसरा मध्यस्थ होऊ शकतो. दोघांच्या भांडणात आपला लाभ साधणारा होऊ शकतो. किंवा लाभासाठी भांडण मुद्दाम लावून देणाराही होऊ शकतो. संस्था, पक्षपात, न्याय आणि कारस्थान या चारींचा जन्म एका आकड्याच्या बदलात आहे, हे सांगण्यासाठी झिमेल यांना ना इतिहासाचे टप्पे लागतात ना वंशाची सिद्धान्तसूत्रे.

त्याच ग्रंथात 'परका' या विषयावर काही पानांचे एक टिपण आहे. परका म्हणजे वाटसरू नव्हे. तो येऊन राहिलेला असतो, परंतु निघून जाण्याची त्याची मोकळीक संपलेली नसते. समूहाचा तो घटक असतो, आणि परकेपणा हेच त्याचे समूहातील स्थान असते. लोक आपली गुपिते त्याच्यापाशी बोलतात, निवाड्यासाठी त्याच्याकडे जातात, आणि संकट आले की पहिला संशयही त्याच्यावरच घेतात. जवळीक आणि अंतर ही येथे दोन निरनिराळी नाती राहत नाहीत. प्रत्येक नात्यात दोन्हींचे काही प्रमाण असते.

उदाहरण म्हणून झिमेल यांनी युरोपातील ज्यू व्यापाऱ्याचा निर्देश केला. स्वतःचा निर्देश केला नाही. त्याची जरुरीही नव्हती. त्यांचे आईबाप ज्यू वंशाचे, धर्म बदलून ख्रिस्ती झालेले. १८८५ पासून ते बर्लिन विद्यापीठात बिनपगारी अध्यापक होते. व्याख्यानांना शहरातील जाणती माणसे गर्दी करीत, तरीही १९०१ मध्ये मिळाली ती विभागाच्या कारभारात हात नसलेली नुसती मानाची प्राध्यापकी. १९०८ मध्ये हायडेलबर्ग येथील जागेसाठी माक्स वेबर यांनी त्यांचा पाठपुरावा केला. परंतु इतिहासकार डीट्रिख शेफर यांनी बाडेनच्या शिक्षणखात्यास जे मतपत्र पाठविले त्यात झिमेल यांच्या विचारांपेक्षा त्यांच्या ज्यूपणाचीच चर्चा अधिक होती. जागा मिळाली नाही. 'परका' ज्या वर्षी छापला गेला त्याच वर्षातली ही गोष्ट. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९१४ मध्ये, दूर श्ट्रासबुर्ग येथे, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. आणि लगेच महायुद्ध पेटून तेथील व्याख्यानगृहांत जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. १९१८ च्या सप्टेंबरात त्यांचा अंत झाला.

झिमेल यांनी कोणताही संप्रदाय मागे ठेवला नाही. त्यांच्यावर विस्कळितपणाचा आरोप होतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही; एका उदाहरणावरून दुसऱ्यावर ते अशा चपळाईने जातात की सिद्धान्त मागे राहतो. दुर्खाइम यांनी आपल्या नियतकालिकाच्या १८९८ च्या पहिल्याच खंडात त्यांचा लेख छापला आणि लवकरच त्यांच्या पद्धतीवर टीकाही केली. परंतु बी अन्यत्र पडले. बर्लिनमध्ये त्यांची व्याख्याने ऐकलेले रॉबर्ट पार्क शिकागोस गेले आणि शहराचा अभ्यास करणारी एक पिढी तयार झाली. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी सैल ओळखींचे सामर्थ्य दाखविणारा लेख लिहिला तो ज्या नियतकालिकात, त्याच्याच जुन्या खंडांत स्मॉल यांची ती भाषांतरे आहेत. फ्रान्समध्ये मार्सेल मोस यांनी १९२५ च्या सुमारास देणगीवरील आपल्या निबंधात देणे, घेणे आणि परत करणे या तीन बंधनांतून समाज उभा राहतो असे मांडले, आणि त्यासाठी महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही आधार घेतला.

आपल्याकडच्या विषयाशी झिमेल यांची थेट गाठ एकदाच पडते. १९१० मध्ये जेवणाच्या समाजशास्त्रावर त्यांनी एक छोटा लेख लिहिला. खाणे ही माणसाची सर्वांत स्वार्थी क्रिया, कारण एकाने गिळलेला घास दुसऱ्याला खाता येत नाही. आणि नेमक्या याच क्रियेभोवती माणसाने सहवासाची सर्वांत पक्की रूपे रचली, असा त्यातील विचार. पंक्तीचे सामर्थ्य दाखविताना पंक्तिभेदाचाही उल्लेख येतो, आणि तेथे हिंदुस्थानातील जातीचे उदाहरण आहे. त्यांच्या दृष्टीने ते दूरच्या देशातले एक उदाहरण होते, आणि एवढ्यावरच ते पुढे गेले.

सहा वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गापुढे भीमराव आंबेडकर यांनी जातीची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. वय पंचवीस. निबंधात झिमेल यांचे ऋण शोधू नये. अनुकरणाविषयीचे विचार गाब्रिएल तार्द यांचे आहेत, आणि कोलंबियात आंबेडकरांवर खरा प्रभाव जॉन ड्युई यांचा होता. तरी निबंधाचा गाभा संबंधांचाच आहे. वंश, धंदा, शुद्धाशुद्धतेच्या कल्पना अशी जातीची जी लक्षणे तोवरच्या पंडितांनी सांगितली होती ती बाजूला सारून आंबेडकर एका गोष्टीवर बोट ठेवतात : जातीतल्या जातीत विवाह. म्हणजे बेटीव्यवहार बंद करणे. हा बंद टिकवावयाचा तर गटातील स्त्रीपुरुषांची संख्या सम राहिली पाहिजे. पती वारला की विधवा आणि पत्नी वारली की विधुर, ही 'जादा' माणसे गटाची कुंपणे मोडण्याचा धोका. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या संकटावरचे तोडगे होत. नंतर तत्त्वज्ञान रचून त्यांचा गौरव करण्यात आला. चाल आधी, गौरव मागून.

त्याहूनही मोलाचा मुद्दा निबंधाच्या शेवटी आहे. जात एकवचनात असू शकत नाही. जाती नेहमी अनेकच असतात. एका गटाने दार लावून घेतले की उरलेले आपोआप बाहेर राहतात, आणि त्यांनाही आपापली दारे लावणे भाग पडते. जात ही कोणाच्या रक्तात वा स्वभावात नाही, ती दोन गटांमधील बंद दारात आहे. स्पेन्सर यांची देहाची उपमा येथे मोडून पडते. पुढे आंबेडकरांनी ज्याला उतरंडीची विषमता म्हटले तिच्यात प्रत्येकाच्या खाली आणखी कोणीतरी असते, म्हणून वरच्याविरुद्ध खालच्यांची एकजूट होत नाही. झिमेल यांच्या तिघांच्या गणिताचे याहून भेदक उदाहरण त्यांच्या ग्रंथातही सापडत नाही. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या, लाहोरसाठी लिहिलेल्या पण तेथे न झालेल्या भाषणात, उपाय म्हणून आंतरजातीय विवाहावर त्यांनी भर दिला तो याच विश्लेषणाचा निष्कर्ष आहे. अर्थात दारे लावण्यामागे शास्त्रांची आज्ञा आहे तोवर ती उघडणार नाहीत, हेही त्यांनी तेथेच बजावले.

झिमेल यांच्या एका मोठ्या आशेची कसोटीही मुंबईतच लागली. १९०० च्या 'पैशाचे तत्त्वज्ञान' या ग्रंथात त्यांनी म्हटले होते की देणे धान्यात किंवा सेवेत असते तेव्हा माणूसच बांधलेला असतो. ते रोख झाले की माणूस सुटतो, नुसते देणे उरते. बलुते सोडून गिरणीच्या रोख पगारावर आलेल्या महाराच्या बाबतीत हे अंशतः खरे ठरले. परंतु गिरणीच्या विणकाम खात्यात, जेथे पगार चांगला, तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण असे की धोट्यातील सूत तुटले की विणकऱ्याला ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा इतर कामगार घेत ना. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी ही तक्रार कामगार पुढाऱ्यांपुढे मांडली. पगार रोख होता, यंत्र वाफेचे होते, आणि सुताच्या एका धाग्यावर रोटीव्यवहाराची बंदी तशीच लागू होती.

गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात जातीची सहा लक्षणे सांगितली. ती तपासली तर खाण्यापिण्यावरील, सहवासावरील, विवाहावरील निर्बंध अशी बहुतेक व्यवहाराचीच आहेत. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांचा नातेसंबंधांवरील भारतव्यापी ग्रंथ १९५३ चा. तो विद्वन्मान्य आहेच. पण प्रस्तुत प्रश्नावर त्यांनी लिहिलेले सर्वांत मर्मग्राही लेखन शास्त्रीय ग्रंथात नाही, ते 'परिपूर्ती' या ललित लेखसंग्रहातील 'वाटचाल' या लेखात आहे. पंढरीच्या वारीत त्या एका दिंडीबरोबर चालल्या. दिंडीतली माणसे एकत्र चालत होती, एकत्र अभंग म्हणत होती, आणि मुक्कामाला ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंक्ती वेगळ्या बसत होत्या. संतांची वाणी एकत्र गाऊन साधावयाचे ऐक्य परलोकापुरतेच काय, हा प्रश्न लेखिकेच्या मनातून जाईना. त्या मराठा बायकांच्या पंक्तीला जेवल्या. एका जेवणाने फरक पडला : त्यानंतर त्या बायका शेजारून चालू लागल्या, हात धरू लागल्या, घरची सुखदुःखे सांगू लागल्या, अखेरीस 'ताई' म्हणू लागल्या. काहीजणी म्हणाल्या, पुण्याला तुमच्याकडे येऊ. तेव्हा त्यांतल्या एका तरुण मुलीने विचारले, की इथे वागता तशाच तिथेही वागाल ना?